हॉलसाठी टीव्ही स्टँड निवडायचा आहे : उंची, लाकूड आणि घरातली माणसं (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अबोली

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही पुण्यात धायरीत स्वतःच्या घरात राहायला आलो. हॉल दहा बाय पंधरा. टीव्ही ५५ इंची घेतलाय आणि सध्या तो मुलाच्या काकाच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर उभा आहे. टेबल डुगडुगतं, त्यामुळे हे फार दिवस चालणार नाही.

घरात सासूबाई आहेत, वय ७४. त्यांना मानेचा जुना त्रास आहे आणि त्या दिवाणावर बसून टीव्ही बघतात. मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि हात लागेल ते ओढतो. इंटिरियरवाल्यांनी सरळ सांगितलं की टीव्ही भिंतीवर साडेचार फुटांवर लावा आणि खाली तरंगतं युनिट घ्या. त्यांचं चित्र दिसायला छान आहे, पण आई त्या चित्राकडे बघून म्हणाल्या, "इतक्या वर मी कशी बघणार गं?" तेव्हापासून माझं मन स्टँडकडेच झुकलंय.

बजेट अठरा हजारांपर्यंत. तयार घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा? उंची किती असावी? आणि मुलाचं काय? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टेप आणि पेन्सिल

अबोलीताई, दुकानात जायच्या आधी घरात एक काम करा. आईंना त्या रोज बसतात तशाच दिवाणावर बसवा. पाठीशी लोड घेत असतील तर लोड घेऊन, मांडी घालत असतील तर मांडी घालून. "जरा ताठ बसा" म्हणू नका. जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप धरा. मग सोफ्यावर बसणाऱ्याचं माप घ्या.

आता टीव्हीचं गणित. ५५ इंच म्हणजे तिरकं माप. पडदा जेमतेम ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. टीव्हीचे स्वतःचे पाय त्याला साधारण दोन-तीन इंच वर उचलतात. म्हणजे स्टँड २० इंचांचा असेल तर पडदा साधारण २३ पासून ५० इंचांपर्यंत येतो आणि मध्य ३६-३७ वर. बसलेल्या माणसाची नजर मध्यावर किंवा मध्याच्या थोडी वर पडली की मान निवांत राहते. नजर थोडी खाली गेली तर मानेला फारसा त्रास होत नाही, वर गेली की होतो.

इंटिरियरवाल्यांच्या साडेचार फुटांना पडद्याचा मध्य धरला तर वरची कड साडेपाच फुटांच्याही वर जाते. मालिका लागली की आईंनी अर्धा तास छताकडे बघायचं का? माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही हेच केलं होतं. दोन महिन्यांनी टीव्ही खाली उतरवला आणि भिंतीला चार भोकं तशीच राहिली.

पेठकर

साडेचार फूट हा आकडा कुठून येतो ते सांगतो. नव्या इमारतींत बिल्डर टीव्हीचा पॉइंट बऱ्याचदा चार फुटांच्या आसपास ठेवतो. पॉइंट टीव्हीमागे लपावा म्हणून टीव्ही तिथे जातो. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या माना वायरमनच्या पट्टीवर ठरतात! पॉइंट खाली आणायला एक एक्स्टेन्शन आणि भिंतीला चिकटवलेली, वायर झाकणारी केसिंग पट्टी पुरते.

स्टँडच्या मागे खालचा स्विचबोर्ड झाकला जाणार असेल तर मागच्या फळीला तिथे खिडकी कापून घ्या. आमच्याकडे हे राहून गेलं. सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करायला अख्खा स्टँड पुढे ओढावा लागायचा.

अबोली

मापं घेतली. आईंची ३९ इंच, सोफ्यावर ४१. टीव्ही आणि दिवाण यात आठ फूट अंतर आहे, ते चालेल ना?

टेप आणि पेन्सिल

उत्तम आहे. पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट ते अडीचपट अंतर ठेवावं असा ढोबळ हिशोब. ५५ इंचाला सात ते साडेअकरा फूट. तुमचे आठ त्यात बसतात.

स्टँड १८ ते २० च्या दरम्यान घ्या. एक विनंती, खरेदीआधी वर्तमानपत्रं जोडून टीव्हीच्या मापाचा कागद करा, ४८ बाय २७, आणि भिंतीवर त्या उंचीला चिकटवून चार दिवस राहू द्या. येता-जाता, बसता-उठता तो दिसेल आणि उंची तुमची तुम्हालाच कळेल.

रंधा

मी हौशी सुतार. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षं घरातलं लाकूडकाम स्वतः करतो. लाकडाबद्दल लिहितो, थोडं लांबेल.

आपल्याकडे स्टँडचा खरा शत्रू म्हणजे लादी पुसायचं पाणी. रोज सकाळी बादली येते, फडकं फिरतं आणि स्टँडच्या खालच्या कडेला पाणी लागतं. तयार स्टँड बहुतेक पार्टिकल बोर्डचे असतात, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेली फळी. वरून छान लाकडी रेघांचा कागद. ती फळी कोरडी असेपर्यंत चांगली. पाणी कडेतून आत शिरलं की चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगते आणि वाळल्यावरही परत बसत नाही. शेजाऱ्यांचा स्टँड मी उघडला होता. खालची पट्टी १८ मिमीची २५ झालेली, एजबँड (कडेला चिकटवलेली पट्टी) सुटलेला, आणि स्क्रू बोटांनी बाहेर येत होता. दोन पावसाळेही झाले नव्हते.

दुकानात ओळखायचं कसं? स्टँडच्या मागे वायरसाठी गोल भोक असतं. प्लॅस्टिकची चकती काढून आतली कड बघा. बारीक-जाड चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पिठासारखी एकसंध, तपकिरी कड दिसली तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी. आडवे थर दिसले तर प्लाय. विक्रेता "इंजिनिअर्ड वुड" म्हणेल, तो शब्द पहिल्या दोन्हींना चालतो, म्हणून तुम्ही कड बघूनच ठरवा.

प्लायमध्येही फरक आहे. शीटवर आयएसआयचा शिक्का असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड, पाण्याला सगळ्यात टिकणारा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, त्यातला बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) ओलीला बरा आणि एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) फक्त दमट हवेपुरता. स्टँडला बीडब्ल्यूआर पुरेसा आहे, पण तळाची फळी ७१० ची घातलीत तर मनाला शांतता.

दुसरं, पाय. बसक्या स्टँडपेक्षा सहा इंची पायांचा स्टँड घ्या. झाडू खाली जातो, फडकं जातं, पाणी साचत नाही आणि वाळवी चढायला लागली तर दिसते. पाय सागवानी किंवा लोखंडी, खाली रबरी बूट.

तिसरं, झोळ. चार-पाच फुटांची १८ मिमीची फळी मधे आधार नसेल तर वाकते. मधे उभी फळी हवी आणि तिच्याखाली पाचवा पाय हवा. तयार मालात हा पाचवा पाय वाचवलेला असतो.

सरळरेषा

माझं मत थोडं वेगळं आहे. लहान मूल असताना टीव्ही भिंतीवरच बरा. खाली जमीन मोकळी, धूळ कमी, मुलाचा हात पोचत नाही. उंचीचा प्रश्न भिंतीचा नाही, खिळा कुठे ठोकला त्याचा आहे. मध्य ३८ इंचांवर ठेवून भिंतीवर लावा ना. आमच्या हडपसरच्या घरी तसाच आहे आणि माझ्या आईलाही त्रास नाही.

रंधा

सरळरेषा, तुमचं पटलं. फक्त भिंत कशाची आहे ते आधी बघायला हवं. एका कोपऱ्यात बारीक ड्रिल मारून भुकटीचा रंग बघायचा. लाल आली तर वीट. पांढरट-राखाडी आणि ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं तर एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्सच म्हणतात. ड्रिल पुढे सरकतच नसेल तर काँक्रीट. एएसीमध्ये साधा प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात तेच लागतात. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतीवर तर मी जड टीव्ही लावायची हिंमत करणार नाही.

दोन पिल्लं

अबोली, मुलाबद्दल लिहिते, आणि हे मनापासून आहे.

माझा धाकटा दोन वर्षांचा असताना त्याने स्टँडचा खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला आणि त्यावर पाय देऊन चढला. त्याला वर ठेवलेला रिमोट हवा होता. स्टँड पुढे कलला. मी स्वयंपाकघराच्या दारातच होते म्हणून धरता आला. टीव्ही हातात आणि पोर पायात, अशी मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. शेजारच्या काकू हाक ऐकून आल्या आणि त्यांनी त्याला उचललं. आजही लिहिताना हात गार पडतात.

तेव्हापासून आमच्याकडे जे पाळतो ते सांगते. टीव्हीच्या पाठीवर भिंतीच्या स्टँडसाठी जी चार भोकं असतात त्यांत पट्टा बांधून तो भिंतीला अडकवायचा. स्टँडसुद्धा मागून दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला धरायचा. रिमोट, खेळणी, खाऊ यातलं काहीही टीव्हीजवळ वर ठेवायचं नाही, कारण मूल टीव्हीसाठी चढत नाही, त्यावरच्या वस्तूसाठी चढतं. जड सामान तळात. ड्रॉवरऐवजी दारं. आणि काच नको, ना वर ना दाराला.

रंधादादांनी अँकरचं लिहिलंय ते पट्ट्यालाही लागू आहे. पट्टा चांगला आणि प्लग सैल, असं नको.

निंबोणी

सगळे नवीन घेण्याबद्दल लिहितायत म्हणून आमची गोष्ट सांगते.

आमचा टीव्ही आजेसासऱ्यांच्या सागवानी पेटीवर आहे. पेटी नारायण पेठेतल्या वाड्यातली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा वाड्यात पाणी शिरलं आणि पेटी आतल्या कपड्यांसकट बुडाली. सासूबाई सांगायच्या की चिखल काढून, धुऊन ती सावलीत कितीतरी दिवस वाळवली. उन्हात ठेवू दिली नाही, तडकेल म्हणून. आज तिच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर तळापासून चार बोटांवर रंग बदललेली एक रेघ लागते, पण झाकण अजून चपखल बसतं. सांध्यांत कुसू आणि खाच आहे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, खिळा जवळजवळ नाहीच.

उंची १९ इंच. म्हणजे तुम्हाला सांगितलेलीच उंची, आणि त्या काळी टीव्हीचा विचार कोणी केला असणार?

एक अडचण आली ती तुम्हालाही येईल. आमचा टीव्ही ५० इंची, त्याचे दोन पाय दोन टोकांना, पेटी मात्र तीनच फूट. पाय बाहेर लोंबायला लागले. मग टीव्हीच्या पाठीच्या त्याच चार भोकांत बसणारा मधल्या खांबाचा स्टँड मिळाला, तपकीर गल्लीत. त्याला बूड एकच, पेटीवर नीट मावतं. पेटीत सणावाराची पितळी भांडी आहेत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दोघं मिळून टीव्ही उतरवतो आणि पेटी उघडतो.

घरात किंवा गावाकडे जुनी पेटी, घडवंची, बाक काही असेल तर आधी ते मापून बघा. अबोली, तुमच्याकडे मूल आहे, त्यामुळे मधल्या खांबाचा स्टँड घेतलात तर तो खालच्या लाकडाला स्क्रूने पक्का करा. आमच्याकडे आता लहान कोणी नाही.

सिंहगडपायथा

निंबोणी, वाचताना गलबललो.

उंचीवरून आठवलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरचं प्रक्षेपण केंद्र १९७३ ला, तेव्हापासून पुण्यात टीव्ही. आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात होता, लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. सगळे सतरंजीवर बसायचे म्हणून तो बुटका होता आणि त्याचा कोणाच्याही मानेला त्रास झाला नाही. पुढे भिंतभर शोकेस आली, त्यात मधल्या कप्प्यात टीव्ही गेला आणि वर चढला. माणसं मात्र तिथेच बसत राहिली.

जुनं लाकूड घ्यायचं असेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. वस्तू उलटी करून बघा. खाली बारीक भोकं आणि पिवळसर भुकटी असेल तर कीड जिवंत आहे, घरात आणू नका. बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजलं तर वाळवीने आतून खाल्लंय.

पेठकर

उष्णता राहिली. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर बंद कप्प्यात कोंडू नका. मागची फळी अर्धी उघडी ठेवा. लाकडी दारामागे बॉक्स असेल तर रिमोट चालत नाही, दाराला वेताची जाळी लावलीत तर हवाही खेळते आणि रिमोटही बऱ्यापैकी चालतो. जाळी विरळ विणीची घ्या. साउंडबार घेणार असाल तर त्याची उंची टीव्हीच्या पायांच्या उंचीपेक्षा कमी हवी, नाहीतर टीव्हीचा रिमोटचा डोळा झाकला जातो.

अबोली

सगळ्यांचे किती आभार मानू! तीन आठवड्यांनी लिहितेय कारण या काळात बरंच घडलं.

कागद चिकटवला. पहिल्या दिवशी मी १८ इंची स्टँड धरून लावला होता. आई दिवाणावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे, पण तुझा मुलगा पुढे बसला की त्याचं डोकं मधे येईल." मग एक इंच वर सरकवला. चार दिवस आईंनी त्या कोऱ्या वर्तमानपत्राकडे बघत भाजी निवडली. मान दुखली नाही. १९ ठरली.

तयार स्टँड सहा-सात बघितले. रंधादादांनी सांगितल्याप्रमाणे चकती काढून कड बघायचे. पाच ठिकाणी चुरा निघाला. एका ठिकाणी विक्रेत्याने चकती काढू दिली नाही, तिथून निघालो. सागवानी मिळाले ते बजेटच्या दुप्पट.

शेवटी सुताराकडे दिला. भवानी पेठेत टिंबर मार्केटला त्यांच्याबरोबर जाऊन शिक्का बघून १८ मिमीचा ७१० घेतला. त्यांनी तिथेच शीटवर पेन्सिलने आखून दाखवलं. मी सोळा इंच खोली म्हणत होते. ते म्हणाले, "ताई, पावणेसोळा करा. शीट चार फुटी आहे. अठ्ठेचाळीसचे तीन भाग सोळाचे होतात, पण करवतीचं पातं मधलं लाकूड खातं. पावणेसोळात तीन पट्ट्या निघतात आणि सगळा सांगाडा एका शीटमध्ये बसतो." पाव इंच सोडल्यामुळे दुसरी शीट वाचली. टीव्हीच्या पायांना खोली अकराच इंच लागते, त्यामुळे काहीच अडलं नाही.

लांबी पाच फूट, म्हणजे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे. सहा इंची सागवानी पाय, मधे पाचवा. दोन टोकांना वेताच्या जाळीची दारं, मधला कप्पा उघडा. स्विचबोर्डपुढे खिडकी. भिंतीला पांढरी भुकटी निघाली, त्यामुळे एएसीचे अँकर आणून टीव्हीला पट्टा आणि स्टँडला दोन एल-पट्ट्या लावल्या. सतरा हजार सहाशे झाले, मजुरीसकट.

रंधा

फार छान काम झालंय. सुतार जाणता आहे. दोन गोष्टी बघून घ्या. भिंतीच्या तळाला स्कर्टिंग असेल तर ते अर्धा-एक सेंटिमीटर पुढे येतं. पाय स्कर्टिंगला टेकले की वर स्टँड आणि भिंत यात फट राहते आणि एल-पट्टी ओढून ताणली जाते. आणि पश्चिमेची भिंत असेल तर पावसाळ्यात ओल येते का बघा.

अबोली

स्कर्टिंगचं सुताराने आधीच बघितलं होतं, मागचे पाय एक इंच आत घेतलेत. भिंत आतली आहे, ओलीची नाही.

दोन पिल्लं

पट्टा लावल्यावर एकदा स्वतः हाताने टीव्ही पुढे ओढून बघितलास ना?

अबोली

बघितला, ह्यांनीही बघितला. वरच्या कडेला धरून जोरात. बोटभर पुढे येतो आणि थांबतो. रिमोट आता दिवाणाच्या उशाशी कापडी खिशात असतो, आईंनीच शिवलाय तो.

निंबोणी

खिशाचा फोटो टाका ना. मलाही एक शिवायचाय.